पाच तारीख आणि माझा मंगळवार

मी एकही हप्ता चुकवला नाही. एकही! हे मी नवऱ्याला सांगितलं, मुलीला सांगितलं, बिल्डरच्या माणसाला सांगितलं, बँकेतल्या मॅडमला तर टेबलावर हात आपटून सांगितलं. कोणी विश्वास ठेवला? नाव नको. सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मला हळदीत पिवळा रंग मिसळताना पकडलंय. आणि ऐका, मी खरंच बोलत होते. आजही खरंच बोलतेय. तुम्हीच ठरवा. चहा घेत घेत ऐका, फक्त मधे बोलू नका. मधे बोललेलं मला चालत नाही.

तर मी शालन खांबेटे. जवाहर चौकात माझं मसाल्याचं दुकान आहे. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, कांदा-लसूण चटणी. भोपाळात ज्या मराठी घरात थालीपीठ होतं, तिथे भाजणी माझी असते. नसेल तर ते थालीपीठ फसलेलं असतं. प्रत्येक पुडीवर माझं नाव छापलेलं असतं, ठसठशीत. माल कमी-जास्त निघाला तर कोणाला धरायचं ते गिऱ्हाइकाला कळायला नको? शिक्षण म्हणाल तर चौथी पास. पण चारही वर्षं पास, ढकलून नाही.

आमचे हे कारखान्यात टेक्निशियन होते, आता रिटायर. मुलगी पल्लवी, हबीबगंजला एका ऑफिसात आहे. स्टेशनचं नाव बदललं, आमच्या तोंडातलं काही बदललं नाही.

ह्यांचे फंडाचे पैसे आले, तेव्हा हे म्हणाले, "फिक्समध्ये टाकू."

मी म्हटलं, "आणि मग? पैसे तिथे झोपणार, तुम्ही इथे झोपणार. घरात जागं कोणी राहायचं की नाही?"

शाहपुऱ्याला एक बिल्डिंग वर येत होती. त्यात दोन खोल्यांचा फ्लॅट बघितला. थोडे पैसे फंडातले, बाकीचं बँकेचं कर्ज. फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि भाड्यातून हप्ता भरायचा. म्हणजे भाडं येणार, हप्ता जाणार, आपण मधे ट्रॅफिक पोलिसासारखं उभं राहून नुसता हात हलवायचा. आहे की नाही डोकं? बाईच्या नावावर घेतलं की रजिस्ट्रीत सूट मिळते, म्हणून फ्लॅट माझ्या नावावर आणि कर्जही माझ्या नावावर. हे आपले माझ्या मागे सही करायला.

बँक बिल्डरला पैसे एकदम देत नाही. स्लॅब पडला की थोडे, भिंती उभ्या राहिल्या की थोडे. शेवटचा टप्पा पोचला की बिल्डर चावी देणार. त्या चावीकडे माझे डोळे लागले होते. चावी आली की भाडेकरू, भाडेकरू आला की भाडं. तोपर्यंत हप्ता दुकानाच्या गल्ल्यातून. मिरच्या कांडून कांडून कर्ज फेडायचं म्हणजे काय, ते माझ्या डोळ्यांना विचारा.

आता खरी गोष्ट सुरू होते. उज्जैनला माझी नणंद असते, कुमुदवन्सं. मंगळाचं देऊळ तिथलंच, म्हणजे मंगळाच्याच गावात राहतात, त्यामुळे त्या विषयात त्यांचा अधिकार. कर्ज मंजूर झाल्याचं सांगायला फोन केला, तर म्हणाल्या, "शालन, कर्ज काढलंस ते काढलंस. पण फेड मंगळवारी करत जा हो. मंगळवारी फेडलेलं भराभर फिटतं. आणि शनिवारी तर मुळीच नको. चिकटून बसतं."

मला पटलं. माझी आईसुद्धा वाण्याची उधारी मंगळवारीच चुकती करायची. आणि आमच्यावर कधी कोणाची उधारी राहिली नाही, हे काय उगाच?

पण बँकेने परस्पर ठरवून टाकलेलं की दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या खात्यातून हप्ता आपोआप कापायचा. आपोआप! मला न विचारता! कॅलेंडर काढून बघते, तर पहिलीच पाच तारीख शनिवारी.

वीस वर्षांचं कर्ज, आणि त्याचा श्रीगणेशा शनिवारी? मग ते वीसचं चाळीस व्हायला किती वेळ?

मग मी काय केलं? सोपं. चार तारखेला बँकेत गेले आणि खातं धुऊन पुसून रिकामं केलं. सगळे पैसे घरी. मशीन येईल, बघेल, काही नाही म्हणेल, जाईल. तुम्हाला चोराची वेळ माहीत असेल तर तुम्ही कपाट उघडं ठेवता का?

आणि पुढच्या मंगळवारी न्हाऊन-धुऊन, काठाची साडी नेसून, लाइनीत उभी राहून, स्वतःच्या हाताने पूर्ण हप्ता कर्जाच्या खात्यात भरला. वर शकुनाचा एक रुपया. कॅशियर म्हणाला, "आंटी, ये एक रुपया?"

"शगुन का है. चुपचाप जमा करो."

त्याने केला जमा. मग दर महिन्याला हेच. चारला काढायचे, मंगळवारी हप्ता भरायचा, उरलेले परत खात्यात टाकायचे. घरी विचारलं, "हप्ता गेला का?" तर मी छाती काढून म्हणायची, "गेला. मी असताना राहील का?" पल्लवी म्हणायची, "मम्मी, ऑटो डेबिट है ना, तू कशाला टेन्शन घेते?" मी नुसती हसायची. आजकालच्या पोरींना काय कळतं फेडीतलं!

एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण चांगली गोष्ट एकटीने ठेवणं माझ्या स्वभावात नाही. दुकानात येईल त्या बाईला धण्या-जिऱ्याबरोबर मंगळवारही बांधून द्यायला लागले. "कर्ज आहे का घरावर? गाडीवर? मग आदल्या दिवशी पैसे काढून घ्यायचे, मशीनला हात लावू द्यायचा नाही. मंगळवारी भरायचे, वर एक रुपया." बायका मान डोलवायच्या. बाहेरगावच्या तर लिहून घ्यायच्या.

काही महिने गेले. एक दिवस पासबुक छापून आणलं, तर मधेमधे पैसे गळालेले. कधी पाचशे, कधी सहाशे. पुढे इंग्रजीत काहीतरी खरडलेलं. मी कार्डाला हात लावत नाही. कार्ड कोणाकडे? ह्यांच्याकडे. हे रोज सकाळी फिरायला कुठे जातात? तळ्यावर. तळ्याच्या रस्त्यावर काय आहे? कचोरीवाला!

"अहो, कोणाकोणाला खाऊ घालता?"

"काय खाऊ घालतो?"

"कचोऱ्या! सहाशे रुपयांच्या!"

"अगं, सहाशेच्या कचोऱ्या खाल्ल्या तर मी इथे बसलेला दिसेन का? दाखव इकडे." पासबुक डोळ्यांजवळ नेऊन बघितलं आणि म्हणाले, "हे बँकेचं काहीतरी आहे गं. त्यांनीच कापलेत."

"बँकेवर ढकलू नका! बँक कचोऱ्या खाते होय?"

कार्ड काढून घेतलं आणि दुकानातल्या हिंगाच्या डब्यात ठेवून दिलं. ह्यांना सकाळचा नाश्ता घरचाच, तोही मोजका. बिचारे पोहे खाताना एकदा म्हणाले, "शालन, माझ्यावर एवढासुद्धा विश्वास नाही?" मी म्हटलं, "नाही." वाढलं आणि गप्प बसवलं. आता आठवलं की… जाऊ द्या.

त्यातच फोन सुरू झाले. "नमस्ते मैडम, बैंक से बोल रहा हूँ, आपकी किस्त…"

पुढचं ऐकून घेईल ती शालन कसली? पल्लवीने मला पक्कं पढवून ठेवलं होतं: बँकेतून बोलतोय असं कोणी म्हणालं की समजायचं ठग, लगेच फोन कापायचा. पण नुसता कापून माझं समाधान होईना. ह्या लोकांना धडा नको? मी फोन कांडप मशीनजवळ न्यायची आणि मशीन सुरू करायची. खाड खाड खाड! पलीकडून "हॅलो? मैडम? हॅलो?" मी मशीनच्या वर आवाज काढून ओरडायची, "हाँ हाँ, बोलो बोलो, सुन रही हूँ!" सांगते तुम्हाला, महिनाभर माझी दुपार फार मजेत गेली.

आणि मग बिल्डरच्या ऑफिसातून फोन आला. तो मात्र मला ओळखत होता. "भाभीजी, बैंक ने आपका आख़िरी पैसा रोक लिया है. आप डिफॉल्टर हो क्या?"

कानात उकळतं तेल ओतल्यासारखं झालं. "कौन डिफॉल्टर? मी? मैं तो हर किस्त के ऊपर एक रुपया ज़्यादा देती हूँ!"

"वो मुझे नहीं पता. महीने के आख़िर तक पैसा नहीं आया तो फ्लैट दूसरे को दे देंगे. अपनी कटौती काटकर जो बचेगा, ले जाना."

माझी चावी! ह्यांचा फंड, माझ्या मिरच्या, सगळं त्या दोन खोल्यांत पुरलेलं, आणि हा म्हणतो दुसऱ्याला देऊ!

संध्याकाळी घरात बैठक बसली. मी म्हटलं, "बँकेने माझे हप्ते गिळलेत." पल्लवीने कपाळाला हात लावला. "मम्मी, बँक कशाला गिळेल? तूच कुठेतरी गडबड केली असशील." कचोरीच्या आरोपापासून ह्यांनी तोंड उघडणं कमीच केलं होतं. मी ओरडून सांगतेय, हप्ता भरलाय, भरलाय, भरलाय. दोघांच्याही तोंडावर एकच भाव: हो का?

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात मिरची कांडत होते. एक जाडजूड गृहस्थ आत आले. पन्नाशीचे, गळ्यात टाय, काखेत बॅग. "खांबेटे मैडम आप ही हैं? मैं तिवारी. बैंक की तरफ़ से आया हूँ. आपकी किस्त के बारे में…"

झालं! डोक्यात सगळं लख्ख जुळलं. हाच तो! ह्याच ठगाने माझे हप्ते मधल्या मधे पळवले, हाच फोन करत होता, आणि आता उरलंसुरलं न्यायला प्रत्यक्ष हजर! टाय लावून!

मी गोड आवाजात म्हटलं, "बैठिए ना तिवारीजी." ते बसले. मी पायऱ्या उतरून बाहेर आले आणि खर्रकन शटर खाली ओढलं. कुलूप.

मशीन आत चालूच होतं हो! ते विसरले मी. लाल मिरचीचं कांडप, बंद दुकान आणि आत तिवारी.

"मैडम! आक्छी! ये क्या… आक्छी! मैडम, मेरा आईडी… आऽऽक्छी!"

शेजारचे रफीकभाई टेलर, गळ्यात टेप घेऊन धावत आले. "क्या हुआ भाभी? अंदर कौन है?"

"ठग आहे, ठग! बैंक के नाम पे लूटता है!"

रफीकभाईंनी शटरला तोंड लावून अस्सल भोपाळी हाक मारली. "को ख़ाँ! ठगने के वास्ते पूरे भोपाल में तुम्हें भाभी की ही दुकान मिली?"

आतून उत्तर आलं, "आक्छी!"

बाहेर चौक जमा झाला. कोणी म्हणे पोलीस बोलवा, कोणी म्हणे आधी मशीन बंद करा, माणूस मरेल. मी शटर उघडलं. तिवारी बाहेर आले ते नाक, डोळे, टाय, सगळं एका रंगाचं होऊन. मी त्यांचं मनगट धरलं. "चलो बैंक! तुम्हारे मुँह पे सच निकलवाती हूँ!"

अशी आमची वरात निघाली. पुढे मी, माझ्या मुठीत तिवारी, मागे रफीकभाई, त्यांच्या मागे चौकातले रिकामे लोक. वाटेत हे भेटले, भाजीची पिशवी घेऊन येत होते. "अगं, काय हे? कोण आहेत हे?" मी म्हटलं, "तुमच्या कचोऱ्या ह्यानेच खाल्ल्या! चला!" बिचारे पिशवीसकट मागे आले.

बँकेत कर्जाच्या टेबलावर माथुर मॅडम बसते. पल्लवीच्या वयाची. मी तिवारींना तिच्या समोर उभं केलं आणि टेबलावर हात आपटला. "लो! पकड़ लाई तुम्हारा चोर!"

मॅडम ताडकन उभी राहिली. "तिवारी सर! ये क्या हाल हो गया आपका?"

सर?

"आंटी, ये हमारे ही आदमी हैं. महीने भर से आपको फ़ोन कर रहे हैं. फ़ोन पर मशीन की आवाज़ आती है, इसलिए हमने ही कहा कि दुकान पर मिल आइए."

रफीकभाई हळूच मागे सरकले. बाकीची वरातही एकदम पातळ झाली. तिवारींना कोणीतरी पाणी दिलं. मला वाटलं, ठीक आहे, माणूस खरा निघाला. पण माझं म्हणणं कुठे खोटं होतं?

"मैडम, मैंने एक भी किस्त नहीं छोड़ी. एक भी नहीं!"

"आंटी, हर महीने बाउंस है. पाँच तारीख को मशीन देखती है, खाता ख़ाली."

"ख़ाली तो होगा ही! चार तारीख को मैं निकालती हूँ ना."

मॅडमने पेन खाली ठेवलं. "क्यों निकालती हैं?"

"ताकि पाँच को कट न जाए!"

ह्यांनी हातातली पिशवी जमिनीवर ठेवली.

"फिर?" मॅडमने हळूच विचारलं. जसं डॉक्टर विचारतात, कधीपासून दुखतंय.

"फिर मंगलवार को पूरी किस्त, अपने हाथ से, लाइन में लगके. ऊपर से शगुन का एक रुपया! मेरे जैसा ईमानदार कर्ज़दार है तुम्हारे पास दूसरा?"

मॅडमने स्क्रीन फिरवली. प्रत्येक पाच तारखेला लाल ओळ. खातं रिकामं म्हणून दंड, उशीर म्हणून दुसरा दंड. आणि चार-सहा दिवसांनी माझा भरणा, एक रुपयासकट. माझ्या खात्यातून गळत होते ते हेच दंड. कचोरी त्यात कुठेच नव्हती. मी तिरक्या नजरेने ह्यांच्याकडे बघितलं. हे स्क्रीनकडे बघत होते. एकटक.

मॅडम एकदम म्हणाली, "लेकिन आंटी, ये देखिए. एक महीने तो पाँच तारीख को मंगलवार ही था! तब क्यों निकाले?"

मी म्हटलं, "लो! मशीन ने काट लिया, तो मैंने कहाँ चुकाया? चुकाना मतलब अपने हाथ से चुकाना." त्या दिवशी मी बँक उघडायच्या आधीपासून दारात उभी होते हो! पण ते मशीन मेलं पहाटेच येऊन गेलेलं.

तिवारी इतका वेळ नाक पुसत होते. ते पहिल्यांदाच नीट बोलले. "मैडम, बीस साल से वसूली में हूँ. पैसे न देने वाले बहुत देखे. देने के लिए डिफ़ॉल्ट करने वाली पहली मिलीं." आणि पुन्हा शिंकले.

मी बाहेर येऊन पहिला फोन उज्जैनला लावला. कोणाला तरी धरायला हवं की नाही? "वन्सं, तुमच्या मंगळवारापायी मी बुडाले!"

वन्सं शांतपणे म्हणाल्या, "अगं, तो उसन्या पैशांसाठी गं. शेजारणीचे, भावाचे. बँकेचा हप्ता त्यांच्या तारखेलाच जायचा ना. माझासुद्धा गाडीचा सात तारखेला जातो, आपोआप."

आपोआप! मंगळाच्या गावात राहून!

मॅडमने सांगितलं, तीन महिने पाच तारखेला पैसे खात्यात राहू द्या, दंड भरा, मग फाइल वर पाठवते. आणि बिल्डर तर महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता. मी म्हटलं, संपलं. गेला फ्लॅट. रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी हे न सांगता कुठेतरी गेले आणि दुपारी आले. बिल्डरच्या ऑफिसात बसून, हात जोडून, तीन महिन्यांचं व्याज कबूल करून मुदत घेऊन आले होते. ज्या माणसाला मी मोजून पोहे वाढत होते, त्याने फ्लॅट वाचवला. मी हिंगाच्या डब्यातून कार्ड काढून ह्यांच्या हातात दिलं. अजून त्या कार्डाला वास येतो. एटीएमच्या खोलीत ह्यांच्या मागे उभे असलेले लोक म्हणतात, कोणाच्या घरी फोडणी करपली?

त्या तीन पाच तारखा मी कशा काढल्या, माझं मला माहीत. त्यातली एक शनिवारीच आली. सकाळपासून हात शिवशिवत होते. हे म्हणाले, "तू दुकानात बस. मी बँकेच्या दारात बसतो."

"तुम्ही कशाला?"

"तू आत जाऊ नयेस म्हणून."

आणि खरंच बसले हो, पेपर घेऊन! येताना एक कचोरी खाऊन आले. माझ्यासमोर, चवीचवीने कागद चाटला.

शेवटी चावी मिळाली. हातात घेतली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या दिवशी मी मिरची कांडलेली नव्हती. भाडेकरूही लगेच मिळाली, सायली. पल्लवीच्या ऑफिसातली, इंदूरची, गोड मुलगी. करारबिरार पल्लवीने आणि ह्यांनीच केला, मी नुसती दाखवतील तिथे सही केली. सायलीला मी फक्त पल्लवीची मम्मी. तिला एकच गोष्ट बजावून सांगितली, "भाडं पाच तारखेच्या आत. त्या दिवशी आमच्याकडे मशीन येतं."

पहिल्या महिन्याची पाच तारीख आली. शुक्रवार. भाडं नाही. आमच्या खात्यात मी गल्ल्यातले घालून ठेवले होते म्हणून हप्ता गेला, पण मला चैन पडेना. ह्यांना घेतलं आणि तडक शाहपुऱ्याला गेले.

"सायली, आज पाच तारीख आहे."

"हो आंटी, पता है. पैसे तयार आहेत, एकदम रेडी." कपाटाकडे बोट दाखवलं. "पण मंगळवारी देते ना. पक्का."

"मंगळवारी का?"

"मंगळवारी दिलं की पुढे कधी अटकत नाही ना, आंटी."

"तारीख म्हणजे तारीख!" मी अशी ओरडले की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं. "मशीन मंगळवार बघत नाही, शनिवार बघत नाही! ज्या दिवशी ठरलं त्या दिवशी द्यायचं! कोणत्या बिनडोक बाईने हे तुझ्या डोक्यात भरलं?"

पोरगी घाबरली. "मम्मीने सांगितलं. मम्मी मागे भोपाळला आली होती, तिला इथल्याच एका बाईंनी शिकवलं. बहुत अनुभवी बाई आहे म्हणे."

"लाव तुझ्या मम्मीला फोन. ह्या अनुभवी बाईला मी जरा बघतेच! असल्या बायकांना तर चौकात उभं करून…"

फोन लागला. स्पीकरवर सायलीची आई म्हणाली, "हो हो, फार हुशार बाई हो! म्हणाल्या, मशीनला हात लावू द्यायचा नाही. आदल्या दिवशीच पैसे काढून घ्यायचे, मंगळवारी भरायचे…"

उगारलेला हात मी हळूच पदराखाली घेतला.

"…आणि वर शकुनाचा एक रुपया."

मी म्हटलं, "बरं बरं, असू दे. ठेवते." आणि फोनकडे हात नेला. पण हे मधे आले. इतक्या महिन्यांत ह्यांचा आवाज इतका गोड मी ऐकला नव्हता.

"ताई, त्या बाईंचं नाव काय हो?"

"नाव बाई विसरले. पण मसाला घेतला होता त्यांच्याकडून, पुडीवर छापलंय. थांबा हं, स्वयंपाकघरात आहे."

"राहू द्या हो," मी म्हटलं, "कशाला त्रास!"

"आणू दे, आणू दे," हे म्हणाले आणि खुर्ची ओढून आरामात बसले. फोनमधून डबे सरकवल्याचे आवाज येत होते. सायली एकदा माझ्याकडे बघत होती, एकदा ह्यांच्याकडे.

"हां, सापडली. चष्मा नाही हो जवळ, पण अक्षर मोठं आहे. थांबा, वाचते. शा… शालन खांबेटे."